ज्वारीची पिशवी

आमच्या बाईंच्या नृत्याच्या वर्गात नटराजाची मूर्ती नव्हती. कोपऱ्यात वेताची एक मोठी टोपली होती आणि तिच्यात ज्वारीच्या पिशव्या रचून ठेवलेल्या असत. नवीन मुलीची आई पहिल्यांदा सोडायला आली की आधी त्या टोपलीकडे आणि मग बाईंकडे बघायची. इथे नाच शिकवतात की धान्य विकतात, हा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसायचा. ही सांगलीतली गोष्ट, नव्वदच्या दशकातली. शाळा सुटल्यावर रिकामा होणारा एक हॉल होता, त्यात आमचा भरतनाट्यमचा वर्ग भरायचा.

पिशवी ज्याची त्याने शिवायची. जुनं मऊ सुती कापड, आत ज्वारी आणि सोंडे होऊ नयेत म्हणून मूठभर कडुलिंबाचा वाळका पाला. फरशीवर उताणं झोपायचं, गुडघे वाकवायचे, पिशवी बेंबीच्या खाली ठेवायची. श्वास सोडता सोडता पोट असं आत ओढायचं की पिशवी खाली बसली पाहिजे, पण हलता कामा नये. ते जमलं की एक पाय उचलायचा. मग दुसरा. मग दोन्ही. पिशवी घरंगळली की पुन्हा पहिल्यापासून. घुंगरांना हात लावायची परवानगी त्यानंतर केव्हातरी मिळायची.

आता माझ्याच विद्यार्थिनी याला ‘कोअर’ म्हणतात आणि मोबाइलवर त्याचे व्यायाम बघून येतात. तेव्हा तो शब्द आमच्यापर्यंत पोचला नव्हता. बाई ‘मध्य’ म्हणायच्या. अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धं बसल्यावर, पाय दमले की मुली कमरेतून मोडतात. छाती पुढे पडते, बूड मागे जातं. मग बाई दांडीने लाकडी ठोकळ्यावर ताल धरत ओरडायच्या, “मध्य धरा, मध्य! पाय काय, गाढवालाही चार असतात!”

मी साताऱ्याची. लग्न होऊन सांगलीत आले तेव्हा माहेरी शिकलेला नाच बरोबर आणला होता आणि तो फार भारी आहे अशी माझी समजूत होती. बाईंनी मला एकदा नाचायला लावलं आणि मग फरशीवर झोपवलं. मी तोंड वेडंवाकडं केलं, फरशी गार आहे म्हणाले. “नाचता येईना अंगण वाकडं,” बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या. राग माझ्या नाकावरच असतो, तो तेव्हाही आला. मी दुसऱ्या दिवशी जायचं नाही ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी पिशवी शिवून घेऊन गेले. ज्वारी शाळूची होती. वर्गातल्या एका मुलीच्या मामांनी कवठे महांकाळहून पोतंभर पाठवली होती, त्यातलीच सगळ्यांनी वाटून घेतली.

दिवस राहिल्यावरही मी वर्गाला जात होते. डॉक्टरांनी हरकत घेतली नव्हती. पुढे पोट दिसायला लागलं तसं बाईंनीच एक दिवस माझे घुंगरू सोडायला लावले. “तुझा मध्य आता दुसऱ्या कुणीतरी अडवलाय,” त्या हसत म्हणाल्या. “तो रिकामा झाला की ये.” मीही हसले. पिशवी घरी आणून माळ्यावर टाकली. नवरा म्हणाला, उंदीर लागतील. मी म्हटलं, लागू देत, मला नवीन शिवायला येते.

सातव्या महिन्यात मी साताऱ्याला गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे कुणी ठरवत नाही, ते ठरलेलंच असतं. आईने माझ्यासाठी तिचं एक जुनं इरकल नऊवारी काढून ठेवलं होतं. मोरपंखी रंग धुऊन धुऊन फिका झालेला, कापड सायीसारखं मऊ. त्याचे तिने मधोमध दोन तुकडे केले. एका तुकड्याची दुपटी शिवली, उरल्यासुरल्याचे लंगोट केले. दुसरा तुकडा लांबच्या लांब तसाच घडी करून ठेवला. “हे तुझं पोट बांधायला,” ती म्हणाली. दुपट्यांची चळत आणि माझी घडी एकाच फळीवर शेजारी शेजारी होती. दुपारी पडल्या पडल्या मी त्या फळीकडे बघायचे आणि मनातल्या मनात कुणाशीतरी बोलायचे.

ती पौषातल्या एका सकाळी झाली आणि रडली नाही.

नाळ गळ्याभोवती गुंडाळली गेली होती. यात कुणाचीच चूक नाही, असं डॉक्टर म्हणाले. मला टाके घालत होते, वर दिवा होता, खोलीत बरीच माणसं असून कुणी बोलत नव्हतं. मी विचारलं, काय झालंय? कुणीतरी म्हणालं, “मुलगी होती.” त्या ‘होती’वरून मला कळलं. मी म्हणाले, मला दाखवा. आई माझ्या डोक्याशी आली, माझ्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, “नको बघू बाळा. तोंड बघितलं की माया लागते.”

मला उत्तरं एरवी जागच्या जागी सुचतात, त्यावरून मी शाळेपासून बोलणी खाल्ली आहेत. त्या दिवशी सुचलं नाही. इतके महिने पोटात घेऊन हिंडले, लाथा खाल्ल्या, तेव्हा माया लागायची राहिली होती की काय? हे मला सुचलं तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि तिला घेऊन गेले होते.

एवढ्या लहान बाळाला जाळत नाहीत, पुरतात. ते काम पुरुषांचं. नवरा कुपवाडला एका छोट्या कारखान्यात लेथवर होता. त्याला फोन गेला, तो तसाच तेलाच्या हातांनी एसटीत बसला. तो पोचेपर्यंत दुपार उलटली. मग तो आणि माझे वडील तिला घेऊन गेले. मी नंतर त्याला एकदाच विचारलं, तू बघितलीस का? तो म्हणाला, “दुपट्यात होती. वरचं कापड बाजूला करायचं धाडस नाही झालं गं.” एवढं बोलून त्याला जे रडू फुटलं, त्यानंतर त्याला काही विचारायची माझी छाती झाली नाही.

घरी आल्यावर आईने माझं सगळं बाळंतपण केलं. बाळ असो नसो, बाळंतीण ती बाळंतीण, असं तिचं म्हणणं. कानात कापूस, डोक्याला फडकं, बाजेखाली शेगडी, ओव्याचा आणि बाळंतशेपाचा वास. डिंकाचे लाडू झाले. फक्त अळिवाची खीर झाली नाही, कारण तिने दूध येतं. तरी ते आलंच. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि आईने छातीही घट्ट बांधली. ते किती दुखतं हे ज्याचं जळतं त्यालाच कळतं. पाचवी पुजली नाही, बारसं नव्हतंच. बायका भेटायला यायच्या, पदराशी चाळा करत बसायच्या आणि उठताना म्हणायच्या, “लहान वय आहे, दुसरं होईल.” जशी काही माझ्या हातून वाटी फुटली होती आणि बाजारातून दुसरी आणायची होती.

सकाळी अंग रगडायला एक मावशी यायच्या. पाटणकडच्या, त्यांचे हात रापलेले आणि बोलणं मोकळं. पोट बांधायचं कामही त्यांचंच. आई कापडाचं एक टोक धरायची, मावशी दुसऱ्या टोकाने वेढे देत आवळायच्या.

“श्वास सोड. सोड की गं! आवळून बांदलं न्हाई तर वारं शिरतंय, मग म्हातारपनी कंबर धरून बसशील,” त्या म्हणायच्या. “लेकराचं घर हाय ते. आपसूक न्हाई मिटायचं. त्येला मिटवाय लागतंय.”

एकदा आई पाणी तापलं का बघायला आत गेली होती. मावशी तेल चोळता चोळता बोलून गेल्या, “तुज्या आयचं तरी काय सांगू. माजी जाऊ त्या दवाखान्यात आया हाय, ती सांगत हुती. पार दुपारपतुर बाकड्यावर बसली हुती लेकराला मांडीवर घिऊन. कुनाच्या हातात देईचना.” तेवढ्यात आई दारात आली. मावशींनी ओठ मिटले आणि माझी पोटरी जरा जास्तच जोरात रगडली.

म्हणजे आईने तिला सकाळपासून दुपारपर्यंत मांडीवर घेतलं होतं. तिने ती बघितली होती. सगळ्या जगात एकट्या तिने.

मावशी गेल्यावर मी आईला विचारलं, “कशी होती गं?” आई शेगडीतली राख सारखी करत होती. ती म्हणाली, “झालं गेलं गंगेला मिळालं. आता त्याचा विचार करायचा नाही.” मी ओरडले, “साताऱ्यात कुठली आलीय गंगा?” आणि हातातली लाडवाची ताटली भिंतीवर भिरकावली. आईने लाडवाचे तुकडे एकेक करून गोळा केले. मी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. तिला वाटत होतं, सांगितलं तर माझी जखम चिघळेल. चांगल्या घरातल्या बायकांना हेच शिकवलेलं असतं, बाळंतिणीला दुःखाचं काही बोलून दाखवायचं नाही. मला फार काही नको होतं. केस होते का, रंग कुणाचा घेतला, केवढी होती, हातात घेतल्यावर कशी लागत होती. टाके काढायला दवाखान्यात गेले तेव्हा नर्सबाईंना वजन विचारलं. “आता काय करायचंय वजन?” त्या म्हणाल्या. त्यांनी ते मायेनेच म्हटलं होतं आणि त्याचाच मला जास्त संताप आला.

एक गोष्ट मात्र मला कुणी न सांगता कळली. फळीवरच्या चळतीतलं एक दुपटं कमी होतं. बाकीच्या मोरपंखी घड्या तशाच होत्या. पुढे ती चळतही दिसेनाशी झाली. आईने ती कुठे ठेवली हे मी विचारलं नाही.

सव्वा महिना झाला. एरवी त्या दिवशी बाळंतीण न्हाऊन देवळात जाते, बाळाला देवाच्या पायावर घालतात, तिची ओटी भरतात. मग ती घरात सगळीकडे वावरायला मोकळी होते आणि पोटाचं बांधणंही कधीतरी सुटतं. माझ्या बाबतीत तसला काही दिवसच आला नाही. देवाच्या पायावर घालायला कुणी नव्हतं. सांगलीला जायच्या सकाळी आईने नेहमीसारखं पोट बांधून दिलं, वर साडी सारखी केली आणि मला एसटीत बसवलं. सोड असं ती म्हणाली नाही. मीही विचारलं नाही.

सांगलीत बांधून द्यायला कुणी नव्हतं. मी माझी युक्ती काढली. कापडाचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधायचे, दुसरं पोटाशी धरायचे आणि श्वास सोडून गोल फिरत फिरत खिडकीपर्यंत जायचे. गिरक्या घ्यायची सवय होतीच. खिडकीशी पोचेपर्यंत पोट आवळून बांधलेलं असायचं.

काही दिवसांनी मी वर्गाला जायचं म्हटलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “परत नाच? नाचानेच घात केला की.” त्या दुष्ट नव्हत्या. त्यांना कशाला तरी दोष द्यायचा होता आणि नाच उलटून बोलत नाही. नवरा जेवत होता, तो मान वर न करता म्हणाला, “जाऊ दे तिला.” मी गेले. माळ्यावरची पिशवी काढली तर उंदरांनी खरंच खाल्ली होती. नुसती चिंधी हातात आली आणि खाली टरफलांचा भुगा.

बाईंनी मला बघितलं. शेवटच्या रांगेत उभं केलं आणि ठोकळ्यावर ताल धरला. मला वाटलं होतं पाय विसरले असतील. पाय काहीच विसरले नव्हते. अरमंडीत बसले तर कंबर ताठ, छाती वर. मोडायचा प्रश्नच नव्हता, कारण आत आईचं इरकल मला फळीसारखं धरून होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. मुली म्हणाल्या, ताई, तुमचं तर काहीच सुटलं नाही. बाई मात्र माझ्याकडे डोळे बारीक करून बघायच्या आणि पुढे जायच्या.

असं बरेच दिवस चाललं. रात्री मी कापड सोडायचे, पोट सैल होऊन एका अंगाला कलंडायचं आणि मी त्याच्याकडे न बघता दिवा घालवायचे. सकाळी पुन्हा खिडकीचा गज.

एका संध्याकाळी अडवू, म्हणजे नाचाची मूळ पावलं, करताना बाई माझ्यासमोर येऊन थांबल्या. मध्य तपासायची त्यांची एक पद्धत होती, दोन बोटं बेंबीखाली रोवून बघायच्या. माझ्या पोटावर बोटं टेकवली आणि त्यांना कापडाचे थर लागले. मग वळून मुलींना म्हणाल्या, “सगळ्यांनी पाणी पिऊन या. सावकाश या.”

हॉल रिकामा झाला. “हे काय आहे?” त्यांनी विचारलं.

“पोट बांधलंय.”

“अजून?”

“आईने सोड म्हणून सांगितलं नाही.”

हे मी बोलले आणि मलाच ते कसंतरी ऐकू आलं, पाच वर्षांच्या मुलीसारखं. बाई म्हणाल्या, “हे कापड तुझं काम करतंय आणि आतलं पोट झोपलंय. असं वर्षभर नाचलीस तर पाठ जाईल. सोड ते.”

माझा राग उसळला. “नाही सोडणार,” मी म्हणाले. “सोडलं की संपलं, बाई. बारसं झालं नाही, पाचवी झाली नाही, कुणी तिचं नावसुद्धा काढत नाही. हे पोटाला आहे तोवर मी बाळंतीण तरी आहे. सोडल्यावर मी कोण? नुसतं पोट सुटलेली एक बाई.”

बाईंचं लग्न झालेलं नव्हतं, मूल नव्हतं. दुसरी कुणी असती तर तिने मला जवळ घेतलं असतं. त्यांनी घेतलं नाही. खालून मुलींचा गलका येत होता. त्या म्हणाल्या, “तुझी पिशवी उंदरांनी खाल्ली ना?”

“हो.”

“मग याची शिव. टाकायला कोण सांगतंय? आतापर्यंत याने तुला धरलं, आता तू याला धर.”

आणि त्यांनी हात पुढे केला. मी पदराआडून गाठ सोडली, टोक त्यांच्या हातात दिलं. त्या एका जागी उभ्या राहिल्या आणि मी उलट फिरत फिरत त्यांच्यापासून लांब गेले. एकेक वेढा सुटत गेला. शेवटचा सुटला तेव्हा मी हॉलच्या मधोमध होते, कंबर दुमडून खाली बसले आणि गुरासारखी ओरडून रडले. मुली दाराशी येऊन थांबल्या होत्या. बाईंनी त्यांना घरी पाठवलं.

पिशवी मी त्याच आठवड्यात शिवली. कापडाचे दोन पदर धरून हातानेच धावदोरा घातला. ज्वारी किती भरायची याचं वर्गात माप असं नव्हतं, पोटावर नीट बसेल एवढी. इतर मुलींच्या पिशव्या हलक्याच असायच्या. मी भरून बघितली, उचलली आणि मला वाटलं, नाही, कमी आहे. अजून घातली. मग जास्त झाली, थोडी काढली. सासूबाई दारातून बघत होत्या. सूप, पायली, ज्वारी आणि मधोमध मी, पिशवी दोन्ही हातांनी तोलत बसलेली. मी कशाशी ताडून बघत होते हे मला तेव्हा पक्कं कळत होतं. तिला मी हातात कधी घेतलं नव्हतं, पण पोटात वागवलं होतं. त्याच आठवणीवर मी तोलत होते. एका वेळी हात म्हणाले, बास. मी तोंड शिवून टाकलं.

“तुझी फार जड झालीय,” बाई म्हणाल्या.

“असू दे,” मी म्हणाले.

पहिले कित्येक दिवस त्यांनी मला पाय उचलू दिले नाहीत. नुसतं झोपायचं, पिशवी पोटावर घ्यायची आणि श्वास सोडायचा. ती खिडकीशी उन्हात ठेवलेली असायची, त्यामुळे ऊबदार लागायची. पोटावर तेवढं वजन, तेवढी ऊब आणि माझ्या श्वासाबरोबर तिचं वरखाली होणं. पहिल्या दिवशी मला ते सोसवलं नाही, मी पिशवी बाजूला ठेवून व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. दुसऱ्या दिवशी थोडं सोसलं. मग मला त्याची ओढ लागली. इतर मुली तासाची सुरुवात फरशीवर व्हायची म्हणून कुरकुरायच्या आणि मी त्यासाठीच लवकर यायचे. हे मी कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही.

दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं. पोट कधी जागं झालं ते मला सांगता येणार नाही. एक दिवस पाय उचलला आणि पिशवी हलली नाही. पुढे केव्हातरी दोन्ही पाय उचलले आणि ती तशीच बसून राहिली. अरमंडीत बसल्यावर आतून एक पकड यायला लागली, ती कुठल्या कापडाची नव्हती. बाईंनी बोटं रोवून बघितलं आणि “हं” म्हणाल्या. त्यांच्या लेखी ही फार मोठी शाबासकी. माझं शरीर बरं होत होतं आणि मला त्याचा रागही येत होता. ज्या घरात ती राहून गेली ते घर असं चोख मिटत चाललं होतं आणि ती कशी होती हे मला अजून कुणी सांगितलेलं नव्हतं.

दिवाळीनंतर वर्गाचा कार्यक्रम ठरला. बाईंनी मला पहिल्या रांगेत घेतलं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी आई साताऱ्याहून आली. हातात चकल्यांचा डबा, माझ्यासाठी कंदी पेढे, सासूबाईंसाठी खण. मधल्या काळात आम्ही दोघी बोलत होतो, सणवार, पाऊसपाणी, वडिलांचा खोकला. तो एक विषय सोडून सगळं. ती आली, पाय धुतले, चहा घेतला, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, “कंबर चांगली आली गं तुझी.” मी हो म्हटलं.

दुपारी मी नृत्याच्या साडीला इस्त्री करत बसले होते. काठाच्या चुण्या एकावर एक बसवायच्या होत्या, हात सोडवत नव्हता. पिशवी मागच्या गच्चीत चटईवर ठेवली होती; आठवड्यातून एकदा तिला ऊन दाखवावं लागतं, नाहीतर सोंडे होतात. ऊन उतरायला लागलं तशी मी आतून हाक मारली, “आई, गच्चीत माझी ज्वारीची पिशवी आहे, तेवढी आत आण गं.”

ती गेली. बराच वेळ आली नाही. मला वाटलं शेजारणीशी बोलत असेल. मी इस्त्री उभी करून वर बघितलं तर ती गच्चीच्या दारात उभी होती.

पिशवी तिने हातात लटकवून आणली नव्हती. छातीशी धरली होती, आडवी. एक हात खाली, दुसऱ्या हाताचं कोपर वाकवलेलं आणि पिशवीचं एक टोक त्या कोपरात. मोरपंखी कापड, तिचंच. उन्हाने तापलेलं. ती त्याच्याकडे खाली मान घालून बघत होती.

“आई?” मी म्हणाले.

“एवढीच होती गं,” ती म्हणाली. “अगदी एवढीच.”

मी जागची हलले नाही. हलले तर ती बोलायची थांबेल अशी मला भीती वाटली.

“केस होते,” आई म्हणाली. “काळेभोर, ओले, कपाळावर आलेले. मी सारखे करत होते. बोटं लांब होती, तुझ्यासारखी. ऊबदार होती गं पहिल्यांदा, मला वाटलं झोपलीय. मग गार व्हायला लागली, म्हणून मी दुपट्यात घेतली. देऊ कशी कुणाला? दिली की गेली.” तिचे डोळे वाहत होते आणि ती पुसत नव्हती. हात मोकळे नव्हते.

मी उठून तिच्याजवळ गेले. दोन्ही हात पुढे केले. “दे,” मी म्हणाले.

आईने पिशवी माझ्या हातांवर ठेवली. मी ती रोज घ्यायचे तशी, मधोमध धरून घेतली.

“तशी नको,” आई म्हणाली. “मानेखाली हात घे.”

मी घेतला.